फेज वन ट्रायलला हो म्हणण्याआधी : रुग्ण आणि घरच्यांसाठी

फेज वन, म्हणजे पहिल्या टप्प्यातली चाचणी, मुळात एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत असते: हे औषध माणसाला किती द्यावं, आणि किती दिलं की झेपत नाही? गाठ लहान होते का, हेही डॉक्टर बघतात, अगदी आतुरतेने बघतात. पण चाचणीची आखणी त्यासाठी झालेली नसते. कॅन्सर पसरलेला आहे आणि नेहमीच्या उपचारांचा उपयोग आता फारसा होत नाही, अशा वेळी हा पर्याय समोर येतो. तेव्हा ठरवायला दिवस थोडे असतात, वाचायला कागद ढीगभर असतात आणि त्यातले निम्मे शब्द कधी ऐकलेले नसतात. हा लेख त्या रुग्णासाठी आहे आणि त्याच्या शेजारी फाइल घेऊन बसणाऱ्या माणसासाठीही.

एवढं सगळं वाचणं आज शक्य नसेल, तर दोन प्रश्न तेवढे लिहून घ्या. माझ्या गाठीत या औषधाचं लक्ष्य, म्हणजे ते ज्याला अडवतं तो बदल, आहे का? आणि चाचणीत डोस पायरी-पायरीने वाढवत नेतात, तर मला कितव्या पायरीवर घेणार? या दोन उत्तरांवर बाकी सगळ्याचा अर्थ ठरतो.

सुरुवात गाठीच्या रिपोर्टपासून

केमोथेरपी भराभर वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर घाव घालते. टार्गेटेड औषध एखाद्या ठरावीक प्रथिनाला अडवतं, आणि ते प्रथिन बहुतेक वेळा जनुकातल्या एखाद्या बदलामुळे बेलगाम झालेलं असतं. तो बदल तुमच्या गाठीत नसेल, तर औषधाला धरायला काही उरतच नाही.

याचं मोठं उदाहरण क्रिझोटिनिबचं. या औषधाची पहिल्या टप्प्यातली चाचणी सुरू झाली ती मेट नावाच्या प्रथिनासाठी. ती चालू असतानाच, २००७ साली, फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये एएलके जनुकाची चुकीची जोडणी असते असं जपानी संशोधकांनी दाखवून दिलं. हे औषध एएलकेलाही अडवत होतं. मग त्याच चाचणीत एएलके असलेले रुग्ण शोधून घेतले गेले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अशा ८२ रुग्णांपैकी ५७ टक्के जणांच्या गाठी ठरलेल्या मापानुसार लहान झाल्या होत्या, आणि २०११ मध्ये औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली. फुप्फुसाच्या नेहमी आढळणाऱ्या, नॉन-स्मॉल सेल प्रकारच्या कॅन्सरमध्ये एएलकेचा हा बदल साधारण ३ ते ५ टक्के रुग्णांतच असतो. लक्ष्य न तपासता सरसकट सगळ्यांना औषध दिलं असतं, तर एवढा मोठा परिणाम सरासरीत हरवून गेला असता.

पण लक्ष्य सापडलं म्हणजे काम झालं, असंही नाही. बीआरएएफ जनुकातला व्ही६००ई हा बदल मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये असेल, तर वेमुराफेनिब चांगलं काम करतं. तोच बदल मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये असेल, तर ते औषध एकटं जवळजवळ निष्प्रभ ठरतं. कारण २०१२ साली कळलं: आतड्याच्या पेशींत बीआरएएफ अडवलं की ईजीएफआर नावाचा दुसरा मार्ग उघडतो आणि वाढ चालूच राहते. उलट एनटीआरके जनुकाची चुकीची जोडणी कुठल्याही अवयवाच्या गाठीत असली, तरी लॅरोट्रेक्टिनिब लागू पडतं. २०१८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली ती अवयव न पाहता. म्हणून डॉक्टरांना विचारताना ‘माझा बदल आहे का’ एवढ्यावर थांबू नका. ‘माझ्या अवयवाच्या कॅन्सरमध्ये या बदलावर औषध चालल्याचं काही दिसलं आहे का’ हेही विचारा.

हाताशी काय असावं? बायॉप्सीचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, कुठे ठेवला आहे याची माहिती आणि जनुक तपासणीचा पूर्ण रिपोर्ट. केवळ ‘केआरएएस पॉझिटिव्ह’ एवढं पुरत नाही. जी१२सी आणि जी१२डी हे एकाच जनुकातले दोन वेगळे बदल आहेत, आणि एकासाठी बनवलेलं औषध दुसऱ्याला चालेलच असं नाही. मधल्या काळात टार्गेटेड उपचार झाले असतील, तर गाठ बदललेली असू शकते. जुन्या रिपोर्टवर विसंबण्यापेक्षा नवी बायॉप्सी लागेल का, ते विचारा. रक्तातून गाठीचा डीएनए शोधण्याची तपासणी सोपी असते. तिच्यात बदल सापडला तर उपयोगच आहे, पण सापडला नाही म्हणून तो नाहीच असं धरू नका. काही गाठी रक्तात फार थोडा डीएनए सोडतात.

चाचणी शोधणं

शोधाची सुरुवात तुमच्या डॉक्टरांपासून करा. स्वतः बघायचं असेल तर क्लिनिकलट्रायल्स डॉट जीओव्ही ही अमेरिकी सरकारची नोंदवही २००० सालापासून सर्वांसाठी खुली आहे आणि तिच्यात जगभरातल्या चाचण्या असतात. प्रत्येक नोंदीला एनसीटी आणि पुढे आठ आकडे असा क्रमांक असतो. तो डॉक्टरांना दिला की गोंधळ होत नाही. नोंद उघडल्यावर भरती चालू आहे का आणि माहिती शेवटची कधी सुधारली, हे आधी पाहा. भरती बंद झालेल्या चाचण्यांची पानं वाचण्यात लोकांच्या रात्री जातात.

डोसच्या पायऱ्या नीट समजून घ्या

या भागात मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण संमतीपत्रावर सही करणाऱ्या अनेकांना नेमकं हेच कळलेलं नसतं.

माणसाला पहिल्यांदा द्यायचा डोस प्राण्यांवरच्या अभ्यासातून काढतात. कॅन्सरच्या औषधांसाठी रूढ पद्धत अशी: उंदरांमध्ये ज्या डोसने दहा टक्के प्राण्यांना गंभीर विषबाधा होते, तो डोस माणसाच्या मापात आणायचा आणि त्याच्या दहाव्या भागापासून सुरुवात करायची. म्हणजे पहिली पायरी मुद्दाम खालची ठेवलेली असते.

त्यानंतरची जुनी आणि अजूनही वापरात असलेली पद्धत ‘तीन अधिक तीन’ या नावाने ओळखली जाते. एका पायरीवर तीन रुग्ण घेतात. ठरलेल्या मुदतीत, बहुधा पहिल्या २१ किंवा २८ दिवसांत, कोणालाही डोस थांबवावा लागेल इतका गंभीर त्रास झाला नाही, तर पुढचे तीन रुग्ण वरच्या पायरीवर. तिघांपैकी एकाला तसा त्रास झाला, तर त्याच पायरीवर आणखी तिघे. दोघांना किंवा जास्त जणांना झाला, तर वर जाणं थांबतं आणि खालची पायरी पुन्हा तपासली जाते. अलीकडे बऱ्याच चाचण्यांत हा हिशोब संख्याशास्त्राच्या जास्त लवचीक पद्धतींनी करतात, पण गाभा तोच: थोडे रुग्ण, थोडा काळ वाट पाहणं, मग पुढचं पाऊल.

वाट पाहण्यामागे अनुभव आहे. २००६ साली लंडनमध्ये टीजीएन१४१२ या औषधाच्या पहिल्या चाचणीत सहा निरोगी स्वयंसेवकांना थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतराने औषध दिलं गेलं आणि सहाही जण अत्यवस्थ झाले. त्यानंतर पहिल्या रुग्णाला देऊन काही काळ थांबायचं आणि मगच दुसऱ्याला द्यायचं, यावर नियम कडक झाले. तुमच्या चाचणीत ‘जागा आहे, पण दोन आठवडे थांबा’ असं सांगितलं गेलं, तर त्यामागे बहुधा हेच असतं.

खालच्या पायरीवर त्रास कमी होण्याची शक्यता असते, आणि औषध गाठीला पुरेसं न पोचण्याचीही. वरच्या पायरीवर दोन्ही उलटं. योग्य डोसचा अंदाज आल्यानंतर ‘एक्स्पान्शन’ म्हणजे विस्ताराचा भाग सुरू होतो. त्यात लक्ष्य असलेलेच रुग्ण निवडून घेतात आणि डोस बहुतेक ठरलेला असतो. एकाच चाचणीत हे दोन्ही भाग असतात आणि संमतीपत्राचं शीर्षकही सारखंच दिसतं, पण रुग्णासाठी त्यांत मोठा फरक आहे. काही चाचण्यांत त्याच रुग्णाचा डोस पुढे वाढवण्याची मुभा असते. ती तुमच्या चाचणीत आहे का, ते विचारून घ्या.

आणखी एक. जितका जास्त डोस तितका जास्त उपयोग, हे केमोथेरपीच्या काळातलं गणित टार्गेटेड औषधांना बरेचदा लागू पडत नाही. लक्ष्य पूर्ण अडवलं गेल्यावर डोस वाढवला, तर वाढतो तो फक्त त्रास. सोटोरासिब या टार्गेटेड औषधाला २०२१ मध्ये रोजच्या ९६० मिलिग्रॅम डोसवर मंजुरी मिळाली, तेव्हा अमेरिकेच्या औषध नियामकाने कंपनीला २४० मिलिग्रॅमशी तुलना करून दाखवायला सांगितलं. त्याच वर्षी याच नियामकाने ‘प्रोजेक्ट ऑप्टिमस’ सुरू केला. झेपेल तेवढा मोठा डोस शोधण्याऐवजी उपयोग आणि त्रास यांचा मेळ बसेल असा डोस आधीच शोधा, हा त्याचा आग्रह. त्यामुळे आता अनेक चाचण्यांत चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करून काही रुग्णांना कमी आणि काहींना जास्त डोस देतात. कमी डोसच्या गटात आलात, तर निराश होण्याचं कारण नाही.

मग आशा किती ठेवायची? अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने चालवलेल्या पहिल्या टप्प्यातल्या चाचण्यांचा मोठा आढावा २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात २००० ते २०१९ या काळातले १३,८४७ सॉलिड ट्यूमरचे, म्हणजे रक्ताचे नव्हे तर गाठीच्या कॅन्सरचे, रुग्ण होते. सुरुवातीच्या वर्षांत ९.६ टक्के रुग्णांच्या गाठी ठरलेल्या मापाने लहान झाल्या होत्या. शेवटच्या वर्षांत हे प्रमाण १८ टक्क्यांवर गेलं. उपचारामुळे मृत्यू येण्याचं प्रमाण पूर्ण काळात ०.७ टक्के होतं. म्हणजे दर पाचांत एकापेक्षा थोड्या कमी जणांना ठळक उपयोग झाला, बाकीच्यांना झाला नाही. हा आकडा वेगवेगळ्या औषधांचा मिळून आहे. तुमच्या गाठीत नेमकं लक्ष्य असेल तर तो तुम्हाला कमी सांगत असेल, नसेल तर जास्त. मला तो घाबरवणारा वाटत नाही, पण घरात बसून सगळ्यांनी एकदा मोठ्याने म्हणावा असा नक्की वाटतो. कुणी ‘आता हे औषध मिळालं की बरं होणार’ असं धरून बसलं असेल, तर ते सहीच्या आधी बोललं गेलेलं बरं.

पहिल्या भेटीत काय विचाराल

बरोबर एक माणूस न्या आणि लिहिण्याचं काम त्याच्याकडे द्या. विचारायचं ते असं:

- आतापर्यंत किती जणांना हे औषध दिलं गेलं? माझ्यासारख्या कॅन्सरचे त्यात किती, आणि त्यांचं काय झालं?
- आतापर्यंत दिसलेला सर्वांत गंभीर त्रास कोणता?
- या चाचणीत न जाता माझ्यापुढे कोणते उपचार आहेत? कोणताही उपचार न घेता फक्त त्रास कमी करण्यावर भर दिला तर?
- किती वेळा यावं लागेल, आणि पहिल्या महिन्यात किती दिवस पूर्ण इथेच जातील?
- रात्री ताप आला तर कोणाला फोन करायचा?

तिसरा प्रश्न लोक विचारायचे टाळतात. तोच आधी विचारा. चाचणीत गेल्याने एखादा मंजूर, चालणारा उपचार लांबणीवर पडत असेल, तर ते आधीच कळायला हवं.

संमतीपत्र घरी न्या

ते तिथेच बसून सही करण्यासाठी नसतं. घरी न्या, दोन दिवस घ्या, न कळलेल्या ओळींवर खुणा करा. माणसांवरच्या संशोधनाची नीती सांगणाऱ्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून, आणि पुढे झालेल्या त्याच्या अनेक सुधारणांतही, एक तत्त्व कायम आहे: रुग्णाची संमती समजून दिलेली आणि मोकळेपणाने दिलेली असली पाहिजे, आणि ती कधीही मागे घेता आली पाहिजे. मागे घेतलीत तर तुमचे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत.

वाचताना तीन जागी थांबा. एक, खर्च. चाचणीतलं औषध साधारणपणे कंपनी देते, पण स्कॅन, रक्ततपासण्या आणि प्रवास यांतलं काय कोणाच्या खिशातून जाणार, हे प्रत्येक चाचणीत वेगळं असतं. दोन, औषधामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार. तीन, तुमच्या रक्ताचे आणि गाठीचे नमुने किती वर्षं ठेवणार आणि आणखी कशासाठी वापरणार. चाचणीसाठी जादा बायॉप्सी सक्तीची आहे की ऐच्छिक, तेही इथेच लिहिलेलं असतं. अशा बायॉप्सीतून शास्त्राला खूप मिळतं, रुग्णाला थेट फारसं मिळत नाही. हे माहीत असूनही अनेक जण हो म्हणतात, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

स्क्रीनिंग: पात्रतेच्या तपासण्या

सही झाली म्हणजे प्रवेश मिळाला असं नाही. बहुधा २१ ते २८ दिवसांच्या आत सगळ्या तपासण्या पूर्ण होऊन त्या चौकटीत बसाव्या लागतात. न्यूट्रोफिल्स (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) साधारण १५०० च्या वर, प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) एक लाखाच्या वर, बिलिरुबिन (यकृताचं काम दाखवणारी रक्ततपासणी) सामान्य कमाल मर्यादेच्या दीडपटीच्या आत, ईसीजी ठीक, स्कॅनमध्ये मोजता येईल अशी किमान एक गाठ, अशा अटी बऱ्याच ठिकाणी सारख्या दिसतात. मेंदूत गाठी असतील तर त्या स्थिर आहेत का, ते बघतात. दैनंदिन हालचालींचा गुण म्हणून ‘ईकॉग’ विचारतात; पहिल्या टप्प्यात बहुतेकदा शून्य किंवा एक लागतो, म्हणजे माणूस हिंडता-फिरता असावा आणि हलकं काम करू शकावा. म्हणूनच माझं कळकळीचं सांगणं आहे की चाचणीचा विचार करायचा असेल तर तो अंगात ताकद असताना करा. सगळे उपाय थकल्यावर शेवटी बघू म्हणणाऱ्यांना याच अटीपाशी परत फिरावं लागतं.

आधीच्या उपचारांनंतर काही दिवस मोकळे ठेवावे लागतात. त्याला वॉशआउट म्हणतात आणि तो बहुधा दोन ते चार आठवड्यांचा असतो. या काळात काही न घेता राहणं मनाला जड जातं. दुखणं, झोप, भूक यांसाठीची औषधं मात्र चालू ठेवता येतात, ती आपणहून बंद करू नका.

आणि घरातली प्रत्येक गोळी, चूर्ण, काढा, व्हिटॅमिन, सगळं पिशवीत घालून दाखवायला न्या. अनेक टार्गेटेड गोळ्या यकृतातल्या सीवायपी३ए४ या एन्झाइमवर अवलंबून असतात. बुरशीवरची काही औषधं आणि ग्रेपफ्रूट त्याला मंदावतात आणि रक्तात औषध साठतं. टीबीवरचं रिफाम्पिसिन त्याला वेग देतं आणि औषध टिकतच नाही. ॲसिडिटीच्या गोळ्यांमुळे काही औषधं पोटातून नीट शोषली जात नाहीत. वनौषधींनी काही बिघडत नाही या समजुतीने त्यांबद्दल सांगितलंच जात नाही. कृपा करून लपवू नका. त्याचा भार तुमच्याच यकृतावर पडतो.

पहिलं सायकल

सायकल म्हणजे उपचाराची एक ठरावीक मुदतीची फेरी. तिचा पहिला दिवस लांबलचक असतो. डोसच्या आधी रक्त, मग अर्ध्या तासाने, एक, दोन, चार, आठ तासांनी पुन्हा, आणि दुसऱ्या दिवशी परत, असं काहीसं वेळापत्रक असतं. औषध रक्तात किती चढतं आणि किती वेळ राहतं, हे त्यातून कळतं. इथे वेळेला फार महत्त्व आहे. उपाशीपोटी सांगितलं असेल तर उपाशीपोटी. आणि त्या दिवशी घरून गोळी घेऊन येऊ नका, कारण पहिलं रक्त डोसच्या आधीचं हवं असतं.

घरी डायरी मिळते. गोळी कधी घेतली, काय वाटलं, ते त्याच दिवशी लिहा. गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका, उलटी झाली तर मनाने पुन्हा घेऊ नका, कोऑर्डिनेटरला, म्हणजे चाचणीचं कामकाज बघणाऱ्या व्यक्तीला, फोन करा. रिकाम्या बाटल्या आणि उरलेल्या गोळ्याही परत न्यायच्या असतात. त्या मोजल्या जातात.

त्रास कसा सांगायचा

औषध कुठलं प्रथिन अडवतं यावर त्रासाचा बराचसा अंदाज बांधता येतो. ईजीएफआर अडवणाऱ्या औषधांनी चेहऱ्यावर मुरुमांसारखं पुरळ, जुलाब आणि नखांच्या कडा सुजणं. रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्यांनी रक्तदाब वाढणं. पीआय३के अडवणाऱ्यांनी साखर वाढणं. एफजीएफआर अडवणाऱ्यांनी रक्तातलं फॉस्फेट वाढणं. एमईके अडवणाऱ्यांनी कधी डोळ्यांचा, कधी हृदयाचा त्रास. नवीन औषधात याखेरीज काहीही दिसू शकतं, म्हणून तर ही चाचणी आहे.

डॉक्टर त्रासाला एक ते पाच अशी श्रेणी देतात. एक म्हणजे किरकोळ, तीन म्हणजे गंभीर, चार म्हणजे जिवाला धोका, पाच म्हणजे मृत्यू. श्रेणी बरेचदा ठरते ती तुमच्या सांगण्यावरून, तेव्हा ‘थोडे जुलाब झाले’ असं सांगू नका. ‘नेहमीपेक्षा पाच वेळा जास्त, काल रात्रीपासून’ असं सांगा. औषध बंद होईल या भीतीने त्रास लपवणारे रुग्ण असतात. त्यांची भीती मला समजते. पण वेळेवर कळलं तर डोस काही दिवस थांबवून किंवा कमी करून पुन्हा सुरू करता येतो, आणि उशीर झाला तर ती संधीच जाते. शिवाय तुमच्या मागून त्याच पायरीवर येणाऱ्या माणसाची सुरक्षितता तुमच्या खऱ्या सांगण्यावर उभी असते.

ताप, नव्याने सुरू झालेला कोरडा खोकला किंवा धाप, छातीत दुखणं, दिसण्यात अचानक फरक, पिवळे डोळे, थांबत नसलेले जुलाब: यांतलं काही झालं तर सकाळची वाट पाहू नका. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये जावं लागलं तर तुम्ही चाचणीत असल्याचं कार्ड तिथे दाखवा.

स्कॅनचा अर्थ

साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पहिला स्कॅन होतो. मोजमाप ‘रेसिस्ट’ नावाच्या नियमांनी होतं. त्यांची सध्याची आवृत्ती २००९ ची आहे. एका अवयवातल्या जास्तीत जास्त दोन, आणि एकूण पाचपर्यंत गाठी निवडतात, त्यांच्या लांबीची बेरीज करतात. बेरीज ३० टक्के किंवा जास्त घटली तर तो प्रतिसाद. सर्वांत कमी नोंदलेल्या बेरजेपेक्षा २० टक्के वाढली, आणि ती वाढ किमान ५ मिलिमीटर असली, किंवा नवीन गाठ दिसली, तर आजार पुढे गेला. मधलं सगळं ‘स्थिर’. समजा बेरीज ८० मिलिमीटर होती: ५६ वर आली तर प्रतिसाद, ६० वर आली तर कागदावर स्थिरच लिहितात, जरी गाठी पाव भागाने कमी झालेल्या असल्या. म्हणून रिपोर्टमधला एक शब्द वाचून हरखू नका किंवा खचू नका, आकडे मागा.

त्रास कमी करणारी टीम सोबत ठेवा

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करण्यासाठीची काळजी, म्हटलं की शेवट जवळ आला असं लोकांना वाटतं आणि चाचणीत असताना ते नाव कोणी काढत नाही. २०१० साली फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळालेल्या गटाचं जगणं जास्त सुखाचं होतं, मन कमी खचलेलं होतं, आणि त्यांचा मध्यक आयुष्यकाळ (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले असा काळ) ११.६ महिने होता. दुसऱ्या गटाचा ८.९. चाचणी आणि ही काळजी दोन्ही एकाच वेळी घेता येतात. डॉक्टरांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा.

बाहेर पडताना

आजार वाढला, त्रास झेपला नाही, कंपनीने औषध थांबवलं किंवा तुम्हालाच नको वाटलं, यांपैकी कशानेही चाचणी संपू शकते. उपयोग होत असताना कंपनीनेच काम थांबवलं तर औषध पुढे मिळेल का, हे संमतीपत्राच्या वेळीच विचारलेलं बरं. संपल्यावर साधारण ३० दिवसांनी सुरक्षिततेसाठी एक तपासणी असते. बरं वाटत असलं तरी तिला जा, कारण काही त्रास औषध बंद झाल्यावर वर येतात. निघताना सारांशपत्र घ्या: औषधाचं नाव किंवा सांकेतिक क्रमांक, डोस, किती दिवस घेतलं, काय त्रास झाला, स्कॅनचे आकडे. आजार पुन्हा वाढला असेल तर गाठीत नवीन काय बदललं ते तपासता येईल का, हेही विचारा. आणि शेवटचा डोस कोणत्या तारखेला घेतला ते ठळक अक्षरात लिहून ठेवा. पुढच्या कुठल्याही उपचारासाठी किंवा चाचणीसाठी वॉशआउटची मोजणी त्या तारखेपासूनच होते.